कुआरी पासच्या शेवटच्या चढाखालून गाइडने परत फिरवलं. बर्फातला तो ‘धप्प’ आवाज कुणी ऐकलाय का?

वाटसरू_पुणे | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. परत येऊन आठ दिवस झाले, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही म्हणून धागा काढतोय.

आम्ही तेरा जण कुआरी पासला, म्हणजे उत्तराखंडातल्या एका खिंडीला, गेलो होतो. जोशीमठ, ढाक, गुलिंग, खुल्लारा असा नेहमीचाच मार्ग. डिसेंबर-जानेवारीत तिकडे बर्फ जेमतेम होतं. आम्ही पोहोचायच्या आधी मात्र दोन दिवस लागोपाठ पडलं, वर वाराही जोरात होता म्हणे. खुल्लाऱ्याला गेलो तेव्हा आकाश निळंभोर, समोर द्रोणागिरी अगदी हाताला लागेल असा.

पासच्या दिवशी पहाटे साडेचारला निघालो. झाडी संपली तसं बर्फ गुडघ्यापर्यंत आलं. साडेसातच्या सुमारास शेवटच्या चढाखालून आडवं कापत जायचं होतं. पुढे आमचे गाइड, तपोवनच्या बाजूच्या एका गावचे, पन्नाशीचे. सगळे त्यांना भैजी म्हणायचे. त्यांनी चार-पाच पावलं टाकली आणि पायाखालून आवाज आला. मोठा नव्हता. गादीवर पिठाचं पोतं टाकावं तसा, धप्प. मी त्यांच्या मागे दहा-बारा पावलांवर होतो आणि शपथेवर सांगतो, मी उभा होतो ती जागा बोटभर खाली बसली.

भैजी जागीच थांबले. काठी उलटी धरून मुठीकडून बर्फात खुपसली. पहिली वीतभर जोर लावावा लागला, मग काठी सर्रकन आत गेली. बाजूला सरकून परत खुपसली, तसंच. मागे वळून एवढंच म्हणाले, “नीचे से खोखला है. जैसे आए वैसे वापस, एक-एक करके.”

पास डोळ्यांसमोर होता. आमच्यातल्या दोघांची ही दुसरी खेप. भांडण झालं, मीही बोललो, आणि जे बोललो ते चांगलं नव्हतं. त्यात भर म्हणजे त्याच दिवशी अकराच्या सुमारास दुसरी एक तुकडी पासवर पोहोचली. त्यांचे फोटो सगळीकडे फिरताहेत.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय. भैजींचं बरोबर होतं का? आणि तो आवाज कसला?

---

शंकेखोर | रात्री ९:४०

दुसरी तुकडी पोहोचली यातच उत्तर आलं की. मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माणशी बारा-पंधरा हजार, शिवाय प्रवास आणि रजा. एवढं करून पासच्या तोंडातून परत फिरवायचं तर कारणही तेवढंच भक्कम हवं. काठी आत गेली हे कारण मला पटत नाही. बर्फात काठी जाणारच.

---

सह्यवेडा | रात्री ९:५८

शंकेखोर, काठी आत गेली हा मुद्दाच नाही. आधी अडली आणि मग सुटली, हा मुद्दा आहे. वरचा थर कडक आणि खालचा भुसभुशीत, याची ती खूण. आणि आवाजाबद्दल काय सांगू, वाचतानाच अंगावर काटा आला. वाटसरू, तुमच्या भैजींना माझा नमस्कार कळवा.

नीट कुणीतरी जाणकार लिहीलच.

---

निवृत्त_फौजी | रात्री १०:३१

मी तोफखान्यात होतो. द्रासच्या बाजूला दोन हिवाळे काढले आहेत, तेव्हा थोडं सांगतो.

“दुसरे पोहोचले” हा पुरावा आम्ही कधी धरला नाही. आमच्या चौकीच्या वाटेवर एक नाला होता. महिनाभर रोज आमची तुकडी तो ओलांडत होती. एके दिवशी निघायला अर्धा तास उशीर झाला, कारण एका जवानाच्या बुटाचा तळ सुटला होता. आम्ही वळणावर आलो तेव्हा नाला भरला होता. आधी तिथे दोन माणसं खोल घळ होती, आता काठोकाठ बर्फ, त्यात मोडलेली झुडपं आणि घरा-घराएवढे गोळे. कुणी काही बोललं नाही. महिनाभर तो नाला सुरक्षित होता असं म्हणायचं की नव्हता?

धोक्याचा उतार ओलांडायचे आमचे नियम साधे होते. सूर्य यायच्या आत ओलांडायचा. एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची. पाठपिशवीचे पट्टे सैल, म्हणजे वेळ आली तर ओझं टाकता येतं. आणि कमरेला लाल दोरी, मागे लांब सोडलेली. माणूस गाडला गेला तरी हलकी दोरी वर राहण्याची शक्यता असते. पुढे गाडलेला माणूस शोधणारी यंत्रं आली, पण ती लाल दोरी मी अजून जपून ठेवली आहे.

भैजींनी “एक-एक करके” म्हटलं ना? त्या तीन शब्दांवरून माणूस ओळखावा.

---

कोवळं_ऊन | रात्री १०:४४

काका, बुटाचा तळ सुटला म्हणून वाचलात! तो बूट देव्हाऱ्यात ठेवायला हवा होता.

---

निवृत्त_फौजी | रात्री १०:५०

बूट नाही, पण त्या जवानाला दरवर्षी पाडव्याला फोन करतो. लातूरचा आहे.

---

झ्युरिककर | सोमवार, पहाटे २:०५

इथे वेळ वेगळी आहे, म्हणून उशिरा लिहितोय. नऊ वर्षं स्वित्झर्लंडमध्ये आहे, हिवाळ्यात स्कीवर डोंगरात जातो आणि त्यासाठी हिमस्खलनाचे दोन अभ्यासवर्ग केले आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण प्रश्न महत्त्वाचा आहे.

डोंगरावरचं बर्फ म्हणजे एकसंध ढीग नव्हे. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, मध्ये वाऱ्याने दाबलेला थर, उन्हाने कडक झालेली साय, असं ते चळतीसारखं रचलेलं असतं. प्रश्न असतो चळतीतला सगळ्यात कच्चा थर कोणता.

आता वाटसरूंच्या बाबतीत काय झालं असावं ते पाहा. सुरुवातीचे दोन महिने बर्फ पातळ. बर्फाखालची जमीन साधारण शून्य अंशाला असते, वरची हवा रात्री उणे दहा-पंधरा. बर्फ दोन मीटर जाड असेल तर हा फरक दोन मीटरमध्ये वाटला जातो. तेच बर्फ फक्त वीत-दोन विती असेल तर तेवढाच फरक तेवढ्याशा जाडीत मावतो. मग खालून वर वाफ सरकत राहते आणि तळाचे कण बदलतात. एकमेकांना चिकटलेल्या बारीक कणांचे मोठे, कोनदार, सुटे दाणे होतात. हातात घेतले तर जाड साखरेसारखे दिसतात, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात. दहा सेंटिमीटरला एक अंशापेक्षा जास्त फरक असला की हे घडू लागतं.

यावर फेब्रुवारीत दोन दिवस बर्फ पडलं, वाऱ्याने ते आडोशाच्या बाजूला नेऊन दाबून बसवलं. म्हणजे साखरेच्या थरावर फरशी टाकली. फरशी उतारावर आहे. तिला धरून ठेवणारं खाली काही नाही, फक्त कडेची पकड आहे. त्यावर माणसाचं वजन पडलं की खालचे दाणे कोसळतात आणि मधली हवा बाहेर पडते. तोच तुमचा धप्प आवाज. उतार पुरेसा तीव्र असला तर त्या क्षणी फरशी सुटते.

आम्हाला वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं होतं की हा आवाज आला तर चर्चा संपली, परत फिरा. डोंगर याहून स्पष्ट काही सांगत नाही.

---

शंकेखोर | सकाळी ८:२०

झ्युरिककर, छान समजावलंत. पण मग एक शंका. तुमच्या म्हणण्याप्रमाणे बर्फ कमी तर धोका जास्त? हे उलटं वाटतं. आणि सुटलं नाही ना शेवटी? अकरा वाजता दुसरे त्याच उतारावरून गेले.

---

झ्युरिककर | दुपारी १:१५

हो, ऐकायला उलटं वाटतं, पण कमी बर्फाच्या हिवाळ्यानंतर अचानक मोठा हिमवर्षाव झाला की आम्ही सगळ्यात जास्त घाबरतो. गुलमर्गचं २०२४ आठवा. जानेवारीत तिथे गवत दिसत होतं, पर्यटक रिकाम्या उताराचे फोटो टाकत होते. फेब्रुवारीत बर्फ आलं आणि २२ तारखेला कोंगडोरीच्या बाजूला परदेशी स्कीपटू हिमस्खलनात सापडले. त्यात एका रशियन पाहुण्याचा जीव गेला.

दुसऱ्या तुकडीबद्दल. कच्चा थर सगळीकडे सारखा नसतो. एका जागी वरची फरशी दोन फूट जाड असते, तिथे वजन खालपर्यंत पोहोचत नाही. दहा पावलं पुढे, खडकाशेजारी, ती वीतभरच असते आणि नेमका तिथे पाय पडला की सगळा उतार सुटतो. पहिला माणूस जातो, पाचवा जातो, नववा सापडतो. ती तुकडी त्या दहा पावलांवर पाय न ठेवता गेली, एवढंच म्हणता येईल.

---

अबोली७१ | दुपारी ३:३०

मी ट्रेकर नाही. माझी मुलगी पुढच्या महिन्यात मैत्रिणींबरोबर केदारकंठ्याला जाणार आहे. कालपासून हा धागा वाचतेय आणि जेवण गोड लागत नाहीये. केदारकंठ्याला असं होऊ शकतं का? कुणी नीट सांगेल का?

---

सह्यवेडा | दुपारी ४:०२

ताई, घाबरू नका, पण विचारताय हे फार बरं केलंत.

केदारकंठ्याची बरीचशी वाट दाट झाडीतून आणि सौम्य चढावरून आहे, तो भाग चांगला. शेवटचा चढ मात्र उघडा आणि तीव्र आहे. त्या दिवसाचा निर्णय तिथलं बर्फ पाहूनच घ्यायचा असतो.

कोनाचं थोडं सांगतो, कारण ते कुणालाही कळण्यासारखं आहे. थराची हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. त्याहून सपाट असेल तर बर्फ सरकत नाही, फारच उभा असेल तर साठत नाही, थोडंथोडं गळून जातं. आपल्या घराचा जिना साधारण तीसच्या वरच असतो. म्हणजे जिन्याएवढा चढ, जो चालायला अगदी सोयीचा वाटतो, तोच धोक्याचा. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते. बर्फावर काठी आडवी ठेवा, काठीवर फोन ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे.

आणि स्वतः सौम्य चढावर असलो तरी डोक्यावर तीव्र उतार असेल तर तो आपल्यावर येतो. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलेल्यांना हे सांगायला नको. वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्याच डोक्यात बसतो.

---

शब्दवेडा | संध्याकाळी ६:१८

थोडं विषयांतर. आपली वर्तमानपत्रं याला ‘हिमकडा कोसळला’ लिहितात. मला वाटतं या एका शब्दाने फार नुकसान केलंय. कडा म्हटलं की आपल्याला वरून, लांबून काहीतरी तुटून पडताना दिसतं, जणू माणूस बिचारा खाली उभा होता. इथे झ्युरिककर सांगताहेत की सुटतो तो आपल्याच पायाखालचा थर. हिमस्खलन हाच शब्द योग्य. स्खलन म्हणजे घसरणं, सरकणं.

---

झ्युरिककर | संध्याकाळी ६:५०

शब्दवेडा, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. डोंगरात फिरायला गेलेल्यांच्या अपघातांत दहापैकी नऊ वेळा हिमस्खलन सुटतं ते सापडलेल्या माणसामुळे किंवा त्याच्या सोबत्यामुळे. म्हणूनच परत फिरण्याला अर्थ आहे. वरून काय पडेल ते आपल्या हातात नसतं, कुठे पाय ठेवायचा ते असतं.

---

बियासकाठी | संध्याकाळी ७:२५

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर अकरा वर्षं मनालीजवळ राहते. इकडे लोक हिमस्खलनाला सरळ ‘ग्लेशियर’ म्हणतात. “नाले में ग्लेशियर आ गया” म्हणजे नाल्यातून बर्फ उतरलं. मग बातमीदार ते तसंच उचलतात आणि वाचणाऱ्याला वाटतं हिमनदी फुटली. २०२१ च्या ७ फेब्रुवारीला ऋषिगंगेत जे झालं ते आणखी वेगळं. तिथे रोंटी शिखराचा खडक आणि त्यावरचं बर्फ असं सगळंच तुटून आलं होतं आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. वाटसरूंचे भैजी ज्या तपोवनच्या बाजूचे, ते त्याच खोऱ्यात आहे. तिथल्या माणसाने डोंगराचं ऐकलं नाही तर नवल.

पलीकडे लाहौलमध्ये माझ्या नवऱ्याचं आजोळ आहे. तिथली जुनी माणसं मार्च १९७९ चं नाव काढलं की गप्प होतात. त्या वेळच्या हिमस्खलनांत त्या जिल्ह्यात दोनशेहून जास्त लोक गेले. आजही गावात कुठल्या नाल्याच्या तोंडाशी घर बांधायचं नाही हे आजीला विचारून ठरतं. आता अटल बोगदा झाल्यापासून हिवाळ्यात गाड्यांची रांग लागते. परवाच एक कुटुंब नाल्याच्या तोंडाशी गाडी उभी करून बर्फात खेळत होतं, लहान मुलं होती. मी खाली उतरून सांगितलं. ते म्हणाले, इथे बर्फ जास्त आहे म्हणून थांबलो. अहो, ते जास्त का आहे? वरून आलंय म्हणून!

---

वैद्यबाई | रात्री ८:४०

नाशिकची डॉक्टर आहे आणि हौशी ट्रेकर. अप्रिय वाटेल पण सांगायलाच हवं.

बर्फाखाली गाडला गेलेला माणूस थंडीने नंतर जातो, आधी श्वासाने जातो. सरकताना मऊ वाटणारं बर्फ थांबल्याबरोबर सिमेंटसारखं घट्ट बसतं, बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात. पस्तीस मिनिटं झाली तर तिघंच. आता सांगा, जोशीमठहून किंवा केदारकंठ्याच्या पायथ्याच्या सांकरीहून मदत किती वेळात येईल? वाचवणारे म्हणजे आपल्याबरोबर चालणारेच. त्यांच्याकडे संदेश देणारं-घेणारं यंत्र, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि फावडं नसेल तर ते हातांनी उकरत बसणार.

हिवाळी ट्रेकची जाहिरात पाहा. बुटाला लावायचे मायक्रोस्पाइक, पोटरीला बांधायचे गेटर्स, तंबू, जेवणात गुलाबजाम, सगळं लिहिलेलं असतं. ही तीन साधनं क्वचितच दिसतात. मला याचा मनापासून राग येतो.

---

कोवळं_ऊन | रात्री ८:५५

पण सियाचीनचे ते जवान सहा दिवसांनी जिवंत सापडले होते ना?

---

निवृत्त_फौजी | रात्री ९:२०

लान्सनायक हणमंतप्पा कोप्पद. धारवाड जिल्ह्यातले. ३ फेब्रुवारी २०१६ ला सोनम चौकीवर हिमस्खलन झालं, दहा जण गाडले गेले. सहाव्या दिवशी पंचवीस-तीस फूट बर्फाखाली ते जिवंत मिळाले, ११ तारखेला दिल्लीत रुग्णालयात वारले. ते तंबूत होते, हवेची पोकळी राहिली होती, आणि मुळात तो माणूस विलक्षण होता. वैद्यबाई म्हणतात तोच हिशोब खरा धरा. हणमंतप्पांचं नाव घेताना मी आजही उभा राहतो.

---

रस्तेवाला | रात्री १०:१०

मी रस्तेबांधणीत आहे, उत्तराखंडात दोन हंगाम काम केलंय. आपण सगळे ट्रेकबद्दल बोलतोय, म्हणून आठवण करून देतो. २८ फेब्रुवारी २०२५, माणा. बद्रीनाथच्या पुढे बर्फ काढायला थांबलेले ५४ मजूर कंटेनरमध्ये झोपले होते. पहाटे वरून बर्फ आलं. ४६ निघाले, ८ गेले. कंटेनर पत्र्याचे, पण आत हवा राहिली म्हणूनच इतके वाचले. त्यांना “परत फिरू या” म्हणायची मुभा नव्हती. वाटसरू, तुम्हाला होती आणि तुमच्यासाठी कुणीतरी ती वापरली.

---

कॅलगरीतला_कोल्हापूरकर | मंगळवार, सकाळी ९:३५

रस्तेवाला, तुमचा प्रतिसाद वाचून आमच्याकडचा रॉजर्स पास आठवला. ४ मार्च १९१० च्या रात्री तिथे रेल्वेमार्गावर आलेलं बर्फ काढायला मजूर लावले होते. समोरच्या डोंगरावरून दुसरं हिमस्खलन उतरलं आणि ५८ जण गेले. त्यातले निम्म्याहून जास्त जपानहून आलेले कामगार होते.

आज त्याच खिंडीतून महामार्ग जातो. हिवाळ्यात रस्ता बंद करतात, कॅनडाचं सैन्य १०५ मिलिमीटरच्या तोफांनी वरचे उतार आधीच मुद्दाम पाडतं, मग रस्ता साफ करून उघडतात. रस्त्यात दोन तास अडकलेलो असताना मी स्वतः आवाज ऐकलाय. आमच्या गाडीत आजी होत्या, म्हणाल्या, दिवाळी आली का रे? पण गाड्यांच्या त्या रांगेत एकही हॉर्न वाजला नाही.

---

शंकेखोर | सकाळी ११:०५

सगळं वाचलं. भैजी चुकले असं आता म्हणत नाही. पण माझा मूळ मुद्दा अजून उभा आहे. हे सगळं आम्हाला पैसे भरायच्या आधी का सांगत नाहीत? “हवामानानुसार बदल होऊ शकतो” एवढी ओळ पुरत नाही. अमुक परिस्थितीत फिरणार, पैसे परत नाहीत, असं मराठीत, ठळक लिहा. मग कुणी डोंगरावर भांडणार नाही.

---

सह्यवेडा | सकाळी ११:३०

शंकेखोर, यावर शंभर टक्के अनुमोदन.

आणि माहिती मिळत नाही असंही नाही. चंडीगडची डीजीआरई, म्हणजे संरक्षण संशोधनातली संस्था, पूर्वीची ‘सासे’, जिल्हावार हिमस्खलनाचा इशारा देते. माणाच्या आदल्या संध्याकाळीही चमोलीसाठी इशारा होता. अडचण ही की तो एका अख्ख्या जिल्ह्याचा असतो. आपल्या उतारावर काय आहे ते तिथल्या माणसालाच पाहावं लागतं.

फक्त अनुभव असला की झालं, असंही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का दांडावर उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी शिखराच्या जवळ हिमस्खलनात सापडले. २७ मृतदेह मिळाले, दोघे मिळालेच नाहीत. त्यात सविता कंसवाल होत्या, त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट आणि मकालू सोळा दिवसांत चढून आलेल्या. मी त्या आठवड्यात कामावर जाऊ शकलो नव्हतो. इतकी तयारीची माणसं जातात, तिथे आपण पंधरा हजार भरले म्हणून हट्ट कशाच्या जोरावर धरतो?

---

झ्युरिककर | दुपारी २:४०

इथे रोज संध्याकाळी पाचला दावोसच्या संस्थेचं पत्रक येतं. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. नवख्याला वाटतं पाचवीवर सर्वाधिक माणसं दगावत असतील. खरं तर सर्वाधिक मृत्यू तिसऱ्या पायरीवर होतात. चौथी-पाचवी असेल तेव्हा लोक घरी बसतात. तिसऱ्याला आकाश निळं असतं, ताजं बर्फ असतं, आणि मन म्हणतं चल.

वाटसरू, तुमचा दिवस असाच होता.

---

वाटसरू_पुणे | रात्री ९:५०

मंडळी, तीन दिवस प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. आज दोन गोष्टी केल्या.

पहिली. त्या सकाळचे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले. परत फिरताना मी सहज मागे वळून एक काढला होता. भैजी उभे होते त्या जागेच्या वरच्या अंगाला, साधारण दोन पुरुष उंचीवर, बर्फात एक बारीक रेघ आहे. आडवी, ब्लेडने कापल्यासारखी, दोन्ही टोकं फोटोच्या बाहेर जाणारी. आडवं कापायला निघताना काढलेल्या फोटोत तिथे काहीच नाही. पाहून मी उठून पाणी प्यायलो.

दुसरी. भैजींना फोन लावला. आधी माफी मागितली. ते म्हणाले, अरे, सगळेच चिडतात. मग विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, आदल्या संध्याकाळीच शंका आली होती. खुल्लाऱ्याला स्वयंपाकाच्या तंबूसाठी चर खणला तेव्हा तळाशी “चीनी” लागली होती. आणि मला आठवलं! तो चर मी पाहिला होता. फावड्याने कापलेली उभी भिंत, वरचं हातभर बर्फ खोबऱ्याच्या वडीसारखं घट्ट, कापलेली धार शाबूत. खाली चार बोटं करडा पट्टा आणि त्यातून दाणे आपोआप गळून चराच्या तळाशी ढीग होत होता. मी त्या भिंतीला हात लावून “वा, काय चकाकतंय” म्हणालो होतो. आम्ही दोघांनी एकच गोष्ट पाहिली होती.

त्यांनी तरी आम्हाला वर का नेलं, हेही विचारलं. म्हणाले, खालच्या झाडीतलं बर्फ आणि वरच्या उतारावरचं बर्फ वेगळं असू शकतं, स्वतः पाय ठेवून पाहायचं होतं, म्हणून तुम्हाला मागे अंतर ठेवून चालवत होतो. मला वाटत होतं रांग उगाच लांबवताहेत.

एप्रिलमध्ये त्यांच्याबरोबर पांगारचुल्ला शिखर करायचं ठरवलंय. रात्री दोनला निघायचं म्हणतात.

---

कोवळं_ऊन | रात्री १०:०५

चराची गोष्ट वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण दोनला का? तेव्हा तर साखरेचा थर नसेल ना?

---

निवृत्त_फौजी | रात्री १०:२२

एप्रिलचा धोका वेगळा. दिवसा उन्हाने बर्फात पाणी मुरतं आणि थर ओला होऊन जड होतो. रात्री आकाश मोकळं असेल तर ते गोठून दगडासारखं होतं. तेवढ्या वेळात चढून, ऊन चढायच्या आत खाली यायचं. पाय घोट्यापर्यंत रुतू लागला की उशीर झाला समजा. आणि रात्री ढग असतील, बर्फ गोठलंच नसेल, तर तंबूत झोपा.

---

वैद्यबाई | रात्री १०:४०

वाटसरू, फावडी किमान दोन न्या. धातूची, प्लास्टिकची नकोत, घट्ट बसलेल्या बर्फात प्लास्टिक मोडतं. आणि निघायच्या आधी एकदा खेळ म्हणून पाठपिशवी पुरून सगळ्यांनी मिळून शोधून काढा. घड्याळ लावून.

---

अबोली७१ | बुधवार, सकाळी १०:१५

लेकीला धागा पाठवला होता. काल तिने त्या ट्रेकवाल्यांना फोन करून चार प्रश्न विचारले. शोधयंत्र आणि फावडी असतात का, शेवटच्या चढाचा कोन किती, परत फिरायचं कोण ठरवतं, आणि गेल्या हंगामात किती तुकड्या फिरवल्या. उत्तर आलं, “मॅडम, आमच्या रूटवर असलं काही नसतं.”

तिने नाव काढून घेतलं. आगाऊ भरलेले दोन हजार गेले, जाऊ देत. आता तिघी मैत्रिणी दुसरीकडे विचारताहेत. वाटसरू, तुमचे भैजी केदारकंठ्याला जातात का हो?

---

वाटसरू_पुणे | सकाळी १०:३२

नाही ताई, ते जोशीमठच्या बाजूलाच असतात. पण सांकरीकडे त्यांचा एक साडू याच कामात आहे असं म्हणाले होते. संध्याकाळी फोन करून विचारतो आणि तुम्हाला विपू (विचारपुशीत निरोप) करतो.